युरोपा, गेणबाचा बैल आणि एकोणीस बाळं

४ फेब्रुवारी २०२५

पतसंस्थेनं दिलेली ही डायरी महिनाभर कोरी पडली होती. आजपासून लिहायला घेतो, कारण आज जे घडलं त्याची नोंद पुढं कुणाला तरी लागेल असं वाटतं.

मी ईश्वर भुजबळ. एकतीस वर्षं हायस्कूलात चित्रकला शिकवून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. माझं सर्वांत मोठं काम म्हणजे शाळेच्या भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा. मध्ये पाण्याची टाकी आल्यानं त्यात सिंधुदुर्ग बसला नाही, तरी नकाशा चांगला होता.

सकाळी दूध संघाचे चेअरमन मारुतराव आबा स्वतः घरी आले. आमच्या खोरेवाडीत त्यांनी नाट्यगृह बांधून घेतलंय, चारशे खुर्च्यांचं. चैत्री पौर्णिमेला भैरवनाथाची यात्रा असते, त्या दिवशी उद्घाटन. गेल्या वर्षी आबा गोठे बघायला युरोपात गेले होते. तिथं त्यांना एका जुन्या नाट्यगृहात नेलं. खेळ चालू असताना आपण झोपलो होतो हे त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, पण त्याआधीचा पडदा त्यांच्या मनात राहिला. पांढऱ्या बैलावर बसलेली बाई, समुद्र, आणि वर उडणारी गुबगुबीत पोरं. त्यांना तोच पडदा हवाय. फ्लेक्स नको, हातानं रंगवलेला हवा.

मी हो म्हणालो. माझी बायको सुलक्षणा चहा घेऊन आली, तिनं विचारलं की एवढा मोठा पडदा तुम्हांला जमेल का. मी म्हणालो, नकाशा जमला की.

७ फेब्रुवारी

आबांनी मोबाईलवर पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. पुढच्या रांगेत एक टक्कल पडलेले गृहस्थ बसले होते. बैलाचं तोंड आणि बाईचा चेहरा त्यांच्या डोक्यामागं गेलाय. बाकी सगळं स्पष्ट आहे. म्हणजे बैलाचं धड, बाईचे पाय, लाटा, आणि मधोमध टक्कल.

शैली रोकोको आहे. कलाशिक्षक पदविकेच्या वेळी यावर दोन मार्कांची टीप लिहिली होती. अठराव्या शतकातला फ्रान्स, गुलाबी आणि फिकट निळा रंग, खेळकरपणा, ढगांचा मुक्त वापर. आज इंटरनेटवर आणखी वाचलं. गोष्ट ग्रीक आहे. देवांचा राजा झ्यूस एका राजकन्येवर भुलतो, पांढऱ्या बैलाचं रूप घेऊन तिच्या बागेत येतो. ती त्याच्या पाठीवर बसते, तसा तो समुद्रात शिरतो आणि तिला क्रीट नावाच्या बेटावर घेऊन जातो. तिचं नाव युरोपा.

९ फेब्रुवारी

दूध संघाच्या ऑफिसात कमिटीला ही गोष्ट सांगितली. पहिला प्रश्न आला की मुलीच्या बापानं तक्रार दिली का. मी म्हणालो, भावांना शोधायला पाठवलं, पण सापडली नाही. मग बराच वेळ भावांनी कुठं कुठं शोधायला हवं होतं यावर चर्चा झाली. आबांनी शेवटी विचारलं, की आख्ख्या युरोपाला नाव हिच्यावरून पडलं का. मी हो म्हणालो. आबा खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "म्हंजी बैल नसता तर युरोप नसता." सगळ्यांनी मान्य केलं. पडदा एकमतानं मंजूर.

एक अट पडली. मूळ चित्रात बाईच्या अंगावर कपडा फार थोडा आहे. यात्रेला बायका येणार, तेव्हा नऊवारी हवी. मी म्हणालो, रोकोकोमध्ये कापडाला फार महत्त्व असतं, नऊ वार मला कमीच पडतील.

१४ फेब्रुवारी

दौंडहून मांजरपाट आणला. मांडववाल्यानं पट्टे जोडून शिवून दिला, तीस फूट बाय अठरा. संघाच्या रिकाम्या गोदामात तो टांगला आणि चार दिवस खळ देऊन वाळवला. एवढं पांढरं कापड मी जन्मात पाहिलं नव्हतं. दुपारी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसलो आणि मला थोडी भीती वाटली. हे इथंच लिहितो, सुलक्षणाला सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी

आधी बैल. टकलामुळं तोंड कळत नसल्यानं जिवंत नमुना हवा. गावात पूर्ण पांढरा बैल एकच, गेणबाचा हिरा. शर्यतीचा खिलार. गेणबा नको म्हणेल असं वाटलं होतं, पण तो सकाळी आठला हिराला अंघोळ घालून, शिंगांना तेल लावून गोदामात घेऊन आला. तीन दिवस बैल माझ्यासमोर उभा राहिला. मी आजवर इतका चांगला नमुना पाहिला नाही, हलली ती फक्त शेपटी.

गेणबा मागं बसून असायचा. त्याचं म्हणणं एकच, वशिंड कमी करू नका. मी समजावलं की ग्रीसच्या बैलाला वशिंड नसतं. तो म्हणाला, "देव हाय ना त्यो? मग त्याला काय कमी का आसंल?" झ्यूसला वशिंड दिलं.

पोहणारा बैल काढायला अवघड असतो, पण इथं मला जुना अनुभव कामाला आला. मी विद्यार्थी असताना आमच्या शाळेत सातवीपर्यंत एक मुलगी नदीपलीकडून, दौंड तालुक्यातून यायची. भीमेला पाणी छातीइतकं असलं की ती बैलाच्या पाठीवर बसून यायची, दप्तर डोक्यावर, एक हात शिंगावर. आम्ही काठावर उभे असायचो. त्यामुळं पाण्यात बैलाची मान किती वर राहते, खांद्याशी लाट कशी फुटते, ओला परकर पाठीवर कुठं चिकटतो, हे सगळं मला नेमकं माहीत आहे. निव्वळ निरीक्षणाची बाब.

ती मुलगी म्हणजेच आताच्या कस्तुराबाई, आबांच्या मिसेस. लग्न होऊन याच गावात आल्या.

२८ फेब्रुवारी

उडणाऱ्या बाळांचा घोळ झाला आहे. मूळ चित्रात तीन आहेत. आबांचा तान्हा नातू पहिला धरला, हे ओघानंच आलं. ते कळल्यावर दुसऱ्या दिवशी गोदामाबाहेर अकरा बायका बाळं घेऊन रांगेत. नकुशी तर माहेरी रांजणगावला बाळंतपणाला गेली होती, ती कंपनीच्या बसनं आली. बाळ बावीस दिवसांचं. मी म्हणालो, हे अजून मान धरत नाही, उडणार कसं? ती म्हणाली, ढगावर निजलेलं काढा.

आज एकोणीस बाळं झाली. आकाश उरलेलं नाही. आयांचा आग्रह म्हणून प्रत्येकाच्या गालाला काजळाची तीट आहे, नजर लागू नये म्हणून. लांबून पाहिलं तर पाखरांचा थवा वाटतो.

६ मार्च

आज युरोपाचा चेहरा पूर्ण केला. पाच दिवस तो भाग मी कोराच ठेवला होता. इंटरनेटवरचे चेहरे पाहिले, ते सगळे एकसारखे, चिनीमातीच्या बाहुल्यांसारखे. मग सरळ ब्रश घेतला आणि कल्पनेनं काढला. दीड तासात झाला. इतक्या सहज माझ्या हातून काही झाल्याचं आठवत नाही. नाकाचा शेंडा थोडा वर, हनुवटीवर खळी, हसताना पुढच्या दोन दातांत बारीक फट. ही फट रोकोकोच्या खेळकरपणाला धरून आहे.

स्टुलावर बसून खूप वेळ पाहत राहिलो. जेवायचं राहिलं.

७ मार्च

सुलक्षणा डबा घेऊन गोदामात आली. पडदा तिनं पहिल्यांदाच पाहिला. मी तिला ढगांचं तंत्र समजावून सांगितलं. ती म्हणाली, चेहरा कुणाचा आहे. मी म्हणालो, कुणाचाच नाही, हा संकल्पनेचा भाग आहे. ती आणखी थोडा वेळ उभी राहिली, मग डबा स्टुलावर ठेवून गेली. भाजीत मीठ नव्हतं.

१० मार्च

सुलक्षणा शिक्रापूरला भावाकडं गेली. सतीशनं कारखान्यातल्या कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्यात, त्यांना रंग द्यायचा चाललाय आणि रंगाऱ्यांवर लक्ष ठेवायला माणूस नाही असं ती म्हणाली. मी म्हणालो, रंगाचं काम असेल तर मीच येऊन पाहिलं असतं, यात्रेनंतर. ती म्हणाली, तुमचं इथलं होऊ द्या. मोठी बॅग नेली. भिंतींना दोन हात द्यायचे तर दिवस लागतातच.

१६ मार्च

होळी होऊन गेली. आता गावातल्या बायका घोळक्यानं पडदा पाहायला येतात. आधी आपलं बाळ शोधतात, मग युरोपाकडं बघतात आणि पदर तोंडाला लावून हसतात. एकमेकींना कोपरानं ढोसतात. ऐंशीच्या बानूबाईंना दोघींनी धरून आणलं. त्या चित्राच्या अगदी जवळ गेल्या आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मास्तर, लई दिस जपून ठिवलंत की."

मी म्हणालो, छे, महिन्याभरात केलं सगळं. सगळ्या पुन्हा हसल्या. रोकोको माणसाला प्रसन्न करतं, ही गोष्ट पुस्तकात होती, ती खरी निघाली.

१८ मार्च

आबा आले. हात मागं बांधून पडद्यासमोर दोन येरझाऱ्या घातल्या. बाई फार आवडली त्यांना. म्हणाले, देखणी काढलीत, कुठंतरी बघितल्यासारखी वाटते, टीव्हीवर असते का. बरोबरची माणसं जमिनीकडं बघत होती. मी म्हणालो, आबा, ग्रीक चेहऱ्याची ठेवणच अशी असते.

मग कुणीतरी आबांच्या कानाशी लागलं. आबा बैलाजवळ गेले. शिंगं पाहिली, वशिंड पाहिलं, कपाळावरचा भोवरा पाहिला. माझी खूप शाबासकी होईल असं वाटलं, कारण भोवरा अचूक आलाय. आबा म्हणाले, हा गेणबाचा हिरा. मी हो म्हणालो. ते गाडीत बसून गेले.

मी शर्यतीच्या घाटावर जात नाही, त्यामुळं मला ठाऊक नव्हतं. गेली दोन वर्षं हिरानं आबांच्या जोडीला हरवलंय. सरपंचपदाच्या निवडणुकीत गेणबानं आबांच्या पुतण्याला पाडलंय हे ठाऊक होतं, पण त्याचा चित्राशी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

२१ मार्च

निरोप आला. बैल बदला, नाहीतर पडदा लावायचा नाही. कोसा करा, म्हणजे आबांच्या बैलाच्या रंगाचा. मी कळवलं की झ्यूस पांढराच असतो. उत्तर आलं, आमच्या यात्रेत तो कोसा असेल.

हे गेणबाला कळलं. दुपारी त्याची सात माणसं गोदामाच्या दारात घोंगडी टाकून बसली. म्हणाले, बैलाला हात लावायचा न्हाई, आम्ही राखण करतो. थोड्या वेळानं आबांची माणसं आली आणि समोर बसली. मला लघवीला जायचं तरी दोन्ही बाजूंना विचारून जावं लागलं, कारण हातात ब्रश आहे का हे दोघांनाही पाहायचं होतं.

सुलक्षणाला फोन केला. उचलला नाही. रंगाऱ्यांच्या आवाजात ऐकू येत नसेल.

२३ मार्च

रविवार. काल ठरवलं होतं की आता मीच पडदा उतरवून घरी नेईन. अठरा फुटी पडदा घरात कुठं ठेवणार, हा विचार केला नव्हता. तो चेहरा उद्या कुणी पांढऱ्या रंगाखाली घातला तर मी काय करेन, हे मला सांगता येत नाही.

अकराच्या सुमारास कस्तुराबाई आल्या. एकट्याच. दारातली दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली. त्यांनी सगळ्यांना घरी जायला सांगितलं आणि माणसं गेलीही.

मी त्यांना स्टूल दिलं. चाळीसेक वर्षं एका गावात राहतोय, पण असं समोरासमोर बसणं कधी झालं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "दात तसंच काढल्यात."

मी रोकोकोबद्दल सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"कुठं चाललीया ही?"

"क्रीटला. बेट आहे समुद्रात."

"परत येती का?"

"नाही. तिथंच राणी होते."

"बरं हाय," त्या म्हणाल्या. आणखी थोडं पाहून उठल्या. "बैल हाये तसा ऱ्हाऊ द्या. ह्यांना मी सांगती." दारापर्यंत गेल्या आणि तिथून म्हणाल्या, "सुलक्षणाला घिऊन या लवकर."

मी म्हणालो, अजून खोल्यांचं काम संपलेलं नाही. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की वर्गातल्या ढ मुलाकडं मी पाहायचो तसं वाटलं.

संध्याकाळी निरोप आला, बैल राहील.

१२ एप्रिल, चैत्री पौर्णिमा

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी चारला उद्घाटन. चारशे खुर्च्यांवर आठशे माणसं. पडद्यावर दिवे सोडले, तेव्हा आयांनी आपापली बाळं ओळखून एकच कल्ला केला. नकुशीचं बाळ आता दोन महिन्यांचं आहे, तिनं त्याला उंच धरून ढगावरचा तू बघ म्हणून दाखवलं. गेणबा हिराला दारापर्यंत घेऊन आला होता, आत आणू दिला नाही एवढंच. आबा आणि गेणबा एका व्यासपीठावर बसले, एकमेकांकडं न बघता.

आबा माईकवर बोलायला उभे राहिले. युरोप, दूध, फॅटचं प्रमाण, मग पुन्हा युरोप. बटण दाबून पडदा वर घेण्यासाठी त्यांनी कस्तुराबाईंना पुढं बोलावलं. त्या येऊन पडद्याला लागून उभ्या राहिल्या. समोर कुणाचं तरी बाळ मोठ्यानं शिंकलं आणि त्या हसल्या.

आबा बोलताना मध्येच थांबले. एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा पडद्याकडं. पुन्हा बायकोकडं. माईक तोंडापुढं तसाच होता, त्यामुळं पुढचं सगळं यात्रेतल्या पाळण्यांपर्यंत आणि भेळेच्या गाड्यांपर्यंत ऐकू गेलं.

"अगं, ही तू हायंस का?"

"व्हय."

"तू बैलावर कवा बसलीस?"

"शाळंत जाताना. रोज बसायची. तुम्ही कवा इचारलं?"

आबांनी माईक खाली केला. मला वाटलं आता बैल, बाई, बाळं सगळं उतरणार. आबा पडद्याजवळ गेले आणि हात लांब करून लाटेला बोट लावलं, ओली आहे का बघावं तसं. मग माईकवर म्हणाले, "पडदा वर घ्यायचा न्हाई. कार्यक्रम चालू करा."

मॅनेजरनं समजावलं की रंगमंच पडद्याच्या मागं आहे. आबा म्हणाले, मग पुढं नाचा. पुढं चार फूट जागा आहे. तमाशाच्या बायका त्या चार फुटांत एका रांगेत नाचल्या, ढोलकीवाला पायऱ्यांवर बसला, आणि सोंगाड्या दोनदा पहिल्या रांगेत पडला. आबा कस्तुराबाईंशेजारी बसले होते आणि नाचणाऱ्यांच्या डोक्यांवरून सगळा वेळ वर बघत होते. मध्ये एकदा त्यांनी बायकोला काहीतरी विचारलं. त्या हातानं पाण्याची खोली दाखवत होत्या.

आबांचा काहीतरी गैरसमज झालाय हे उघड आहे. पण प्रसंग बिघडू नये म्हणून मी हरकत घेतली नाही.

१३ एप्रिल

सकाळी फोटो पाहायला बसलो. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलाय, पडदा आणि त्याच्या पुढं उभ्या कस्तुराबाई, दोघी हसतायत. मी फोटो मोठा केला. नाकाचा शेंडा. खळी. दातांतली फट. एकसष्ट वर्षांच्या बाईत आणि माझ्या पडद्यावरच्या युरोपात फक्त चष्म्याचा फरक.

मी मोबाईल उलटा ठेवला आणि अंगणात गेलो. मग परत येऊन पाहिलं. तेच होतं.

मी तिच्याशी शाळेत कधी बोललोसुद्धा नव्हतो. हे खरं आहे, आणि ते कुणाला सांगून उपयोग नाही, कारण तीस फुटांचा पडदा गावात टांगलेला आहे.

खोल्यांना रंग द्यायला पाच आठवडे लागत नाहीत, हेही आजच लक्षात आलं.

१४ एप्रिल

न्हावऱ्यापर्यंत मोटारसायकल, पुढं एसटी. शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत गाडी तासभर अडकली. सतीशच्या खोल्या गेल्या वर्षीच रंगवून झाल्यात. सुलक्षणा गच्चीवर कुरडया वाळत घालत होती.

मी म्हणालो, चूक झाली. तिनं विचारलं, कसली. मी म्हणालो, मला खरंच दिसलं नाही कुणाचा चेहरा येतोय.

"तेच तर," ती म्हणाली. "बघून काढला असता तर मी भांडले असते. मिटलं असतं. तिचा चेहरा तुमच्या हाताला न बघता येतो."

एवढं बोलून ती पुन्हा कुरडयांकडं वळली. मी परातीतल्या कुरडया घेऊन ओळीत मांडायला लागलो. दोन ओळी झाल्यावर ती म्हणाली, तुमच्या ओळी वाकड्या येतायत. मग बॅग भरायला गेली.

१७ एप्रिल

आज तिचं चित्र काढायला बसलो. मागणी तिचीच. म्हणाली, बाळं नकोत, ढग नकोत, आणि मला बैलावर बसवू नका, खुर्चीवर बसवा. ओसरीत खुर्ची टाकली, ती बसली. मी आधी सवयीनं न बघताच सुरुवात केली आणि अर्धा कागद भरल्यावर कळलं की हे एक तोंड आहे, कुणाचंही. फाडून टाकलं. दुसरा कागद घेतला. या वेळी एक रेघ काढायची तर दोनदा वर बघत होतो.

बघता बघता दिसलं की तिची डावी भुवई मध्ये तुटलेली आहे. बारीक जुना व्रण आहे तिथं, केस येत नाहीत. कागदावर मी ती अख्खी काढून बसलो होतो. मी विचारलं, हे कधी लागलं. शिक्रापूरला असताना का.

तिनं मान हलवली नाही, कारण मीच हलवू नको म्हणून सांगितलं होतं.

"तुम्ही मला बघायला आला होतात ना," ती म्हणाली, "तेव्हाही होतं."

मी खोडरबर घेतलं.